तळाशी बसलेली तुरटी

दादानं मला का उठवलं नाही?

डॉक्टरला विचारलं. तो म्हणाला, कोंडलेल्या जागेत कोळशाचा वायू चढतो, झोपेतल्या माणसाला कळतही नाही. मी ते विचारलं नव्हतं. पोलीस पाटलाला विचारलं. त्यानं कागद पुढे केला आणि म्हणाला, सही कर. आईला विचारलं. तिनं पदराचा बोळा तोंडात धरला.

दादा गेल्याच्या चौदाव्या दिवशी ड्रममधलं ओलं कातडं खांद्यावर टाकलं आणि रावजीबाबांकडे गेलो. कातडी कमवायला आम्हां दोघा भावांना त्यांनीच शिकवलं होतं. दादा शिकला. मी अर्धवट.

बाबा भिंतीला टेकून उन्हात बसले होते. माझ्या सदऱ्यातून मीठ-तुरटीचं पाणी गळत होतं.

"दादाचं शेवटचं आहे," मी म्हणालो. "काळ्या शेळीचं. आईला बसायला करत होता, तिचे गुडघे दुखतात म्हणून. झालंय. आजच ताणतो."

"किती दिवस पाण्यात होतं?"

"अठरा."

"या थंडीत?"

"उन्हाळ्यात तर पाचात होतं. तुम्हीच सांगितलं होतं."

"उन्हाळ्यात," बाबा म्हणाले.

त्यांनी कमरेची रापी काढली. मानेकडचा जाड भाग चिमटीत धरला, बोटाएवढी चीर दिली आणि माझ्या डोळ्यांपुढे धरली.

"बघ."

कडा दोन्हीकडून पांढऱ्या झाल्या होत्या. मध्ये निळसर, ओली रेघ.

"कच्चं आहे," मी म्हणालो.

"तुझा दादा हिरामण म्हणायचा, आपला गोरख्या अंडं उकडायच्या आधीच सोलतो." बाबा हसले नाहीत. "चल, ड्रम दाखव."

आमची शेड नदीच्या अंगाला. पलीकडे द्राक्षांच्या बागा. यंदा कडाका असा की पहाटे पानांवर बर्फ धरायचं. बागवाले ओळी-ओळीनं शेकोट्या पेटवायचे, मणी तडकू नयेत म्हणून. त्या पाहूनच मी दादाला म्हणालो होतो... द्राक्षांना ऊब देतात, मग आपल्या पाण्याला का नको? घमेलंभर निखारे ठेवू. दार लावून घेऊ. फटीत पोती कोंबू.

दादा म्हणाला होता, "बाबा सांगतात, थंडीत कातड्याला दिवस द्यायचे, आग नाही."

"बाबा म्हातारे झाले," मी म्हणालो होतो.

हे सगळं मी वाटेत चालता चालता बाबांना सांगितलं. शेवटचंसुद्धा. ते ऐकत चालत राहिले.

शेडचं दार उघडंच होतं. त्या सकाळी पाटलानं लाथ मारून आतली कडी तोडलेली. फटींत पोती तशीच.

"हात घाल," बाबा ड्रमकडे बोट करून म्हणाले. "तळापर्यंत."

परत आणलेलं कातडं घडी करून खाली ठेवलं, बाही सारून हात घातला. पाणी चावलं. खांदा बुडाला तेव्हा बोटांना तळ लागला. तळाशी काहीतरी टोचलं.

"काय लागतं?"

"खडे."

"कसले?"

"तुरटीचे."

"विरघळवली नव्हती?"

"दादानं उकळत्या पाण्यात विरघळवली होती. मी ढवळली. एक कण राहिला नव्हता."

"मग हे कुठून आले?"

"थंडीनं. पाणी गार झालं की तुरटी पुन्हा..."

हात बधिर व्हायला लागला. काढू लागलो.

"राहू दे."

ठेवला.

"काय विचारत फिरतोयस गावभर?"

"दादानं मला का उठवलं नाही."

"का उठवायचं होतं?"

"पाळी होती. ढवळायची, निखारे हलवायचे. मध्यरात्रीपर्यंत तो, पुढे मी. तो मला हाक मारणार होता. मी जागा झालो तेव्हा ऊन अंगावर आलं होतं."

"पहाट कुणाची?"

"माझी."

"त्यानं हाक मारली असती तर?"

"मी इथं आलो असतो."

"आणि?"

बागेत कुणीतरी पंप चालू केला. बंद पडला.

"आणि?" बाबा पुन्हा म्हणाले.

मी हात बाहेर ओढला. कोपऱ्यातली पहार उचलली आणि ड्रमवर उगारली.

"ड्रमनं काय केलं?"

"मग मला मारा! सांगा तरी, मी मारलं त्याला! कुणीतरी सांगा!"

बाबांनी पहार धरली नाही, ओरडले नाहीत. खाली वाकून त्यांनी कातडं घडीतून मोकळं केलं, ड्रममध्ये सोडलं आणि काठीनं बुडवलं. मग चूल दाखवून म्हणाले, "यातलंच दोन तपेली पाणी तापव. बाहेर. तळातले खडे काढून त्यात विरघळव आणि परत ओत. रोज."

"रोज ते परत बसतील."

"बसतील."

"मग?"

"झालं की ताणायला फळी लागेल. आहे?"

फळी नव्हती. दादा म्हणाला होता, बाजारच्या दिवशी आणू.

बाबांनी काही दाखवलं नाही. मीच दाराकडे पाहिलं. पहार दाराच्या बिजागरीत घातली. जुने खिळे होते, चिवट. हात अजून बधिर होता, दोनदा पहार निसटून नडगीवर लागली. वरची निघाली. खालची निघाली. दार अंगावर आलं तसं धरलं आणि भिंतीला आडवं टेकवलं. मग फटींतली पोती एकेक उपसून बाहेर फेकली.

आवाजानं आई आली. उघड्या चौकटीत उभी राहिली.

"अरे, सगळी थंडी आत येईल. कातडं कसं व्हायचं?"

"होईल, आई. उशिरा."

ती दाराजवळ गेली. आतल्या बाजूला, कडीपाशी, दादाच्या हाताचा काळा ठसा होता. त्यावर तिनं तळवा ठेवला.

मी तपेलं चुलीवर चढवलं. बाहेर. उकळी आल्यावर तळातले पहिले खडे टाकले, दादाच्या काठीनं विरेपर्यंत ढवळले आणि पाणी ड्रममध्ये ओतलं.

"बाबा," मी म्हणालो, "आता किती दिवस लागतील?"

बाबा शेडच्या पायऱ्या उतरत होते. थांबले.

"कुणाला?"