मास्तरांची जागल

“...म्हणजे करू की नको? एवढंच सांगा बाबा. हो किंवा नाही.”

खोराटे मास्तरांनी पुन्हा तेच विचारलं आणि मठाच्या पायरीवर बसकण मारली. डोंगर चढून आल्यानं त्यांना धाप लागली होती.

सोनपुरीबाबा चुलीपुढं बसून चहा उकळत होते. त्यांनी फुंकणी खाली ठेवली.

“काय करायचं म्हनता?”

“अहो, मघापासून तेच सांगतोय. कॉम्प्युटरची ऑपरेटिंग सिस्टीम बदलायची की जुनीच ठेवायची?”

बाबांनी मान हलवली. कळलं की नुसतंच ऐकलं, कोण जाणे.

मास्तरांचं गाऱ्हाणं तसं खरंच होतं. नोकरीत असल्यापासून ते तालुक्याच्या बोलीचा शब्दकोश रचत होते. बुरडांचे शब्द, धनगरांचे शब्द, जात्यावरचे, खळ्यावरचे. सगळे एका जुन्या मराठी टायपिंगच्या प्रोग्रॅममध्ये. तो प्रोग्रॅम चालायचा फक्त जुन्या सिस्टीमवर, आणि तिचे दिवस भरले होते. रोज सकाळी पडद्यावर पाटी यायची: मुदत संपली, नवी घ्या.

नवी घेतली की जुना प्रोग्रॅम बंद. भाच्यानं थोडे शब्द नव्या अक्षरांत उतरवून पाहिले, तर जोडाक्षरांची हाडं मोडली आणि निम्मं पान वाचता येईना. नवी न घ्यावी, तर यंत्र आज बसतंय की उद्या याचा नेम नाही. इकडे आड, तिकडे विहीर.

“दोन वर्षं विचार करतोय,” मास्तर म्हणाले. “थकलो बाबा.”

थकले होतेच. यंत्र बंद करायला जावं आणि त्यानं परस्पर नवी सिस्टीम चढवून घ्यावी, या धास्तीनं मास्तर ते बंदच करत नसत. इंटरनेटची वायर त्यांनी उपटून ठेवली होती. वीज गेली तर काय, म्हणून इन्व्हर्टर आणला होता. झोपायची खाटही त्याच खोलीत हलवली होती. बायको म्हणायची, पोरं तान्ही होती तेव्हा एवढं जपलं असतंत तर मला चार घटका झोप मिळाली असती.

बाबा चहा ढवळत राहिले. मास्तर कडवट हसले.

“आता तुम्ही मला गीतेतल्या जुन्या वस्त्राचा दाखला देणार. फाटलं, टाकावं, नवं नेसावं. मी वर्गात शिकवलंय ते.”

“मी कशाला दीऊ? माज्याकडं ही एकच हाय.”

बाबांनी अंगावरची छाटी सावरली आणि चहात गूळ टाकला.

“मास्तर, खंडेनवमीला काय करता त्या यंत्राचं?”

“पूजा करतो. हळदकुंकू, झेंडूची माळ. त्या दिवशी हात लावत नाही.”

“आन् दसऱ्याला?”

मास्तरांनी नजर चुलीकडं वळवली.

“दसऱ्याला हत्यार उचलायचं असतंय.”

“उचलू कसं?” मास्तरांचा आवाज चढला. “काय करायचं ते ठरल्याशिवाय नवा शब्द घालण्यात अर्थच नाही. घातला तर तोही तिथंच अडकून पडायचा. आधी हे मिटू दे, मग सगळं एकदम...”

“शेवटचा शब्द कवा घातला?”

मास्तर बोटांवर महिने मोजू लागले. मग सोडून दिलं.

“आठवत नाही.”

“गंगव्वा बलवत हुती न्हवं तुमाला?”

मास्तरांनी मान खाली घातली.

गंगव्वा खालच्या वाडीची. दुसऱ्यांच्या शेतांची राखण करण्यात तिचा जन्म गेला. तिनं मास्तरांना निरोप धाडला होता: येऊन जा, माझ्याजवळचे शब्द घेऊन जा, ओझं घेऊन मला मरायचं नाही. मास्तरांनी उलट निरोप पाठवला, कॉम्प्युटरचं मार्गी लागलं की लगेच येतो. निघतो निघतो म्हणता म्हातारी गेली.

हे मास्तरांना ठाऊक होतं. तोंडावर कुणी बोललं नव्हतं, इतकंच. त्यांना लाज वाटली, आणि लाजेहून जास्त वाईट वाटलं.

“मी तिला नाही म्हणालो नव्हतो,” ते पुटपुटले.

“न्हाई. नगं बी म्हनला न्हाईसा, हूं बी म्हनला न्हाईसा.”

बाबांच्या बोलण्यात राग नव्हता. त्यामुळं मास्तरांना जास्तच लागलं.

“ती हितं यायची,” बाबा म्हणाले. “एक इचारायची समद्यास्नी. शेतातल्या माळ्यावर बसून रातभर जागल केली. डुक्कर आलं न्हाई, दाना गेला न्हाई. काम म्हनावं तर काडी हलवली न्हाई. तरी सकाळी अंग मोडून येतंय... त्येला काय म्हनत्यात?”

मास्तरांनी आठवून पाहिलं. शीण, शिणवटा, आंबणं, अवघडणं... एकही चपखल बसेना. आयुष्यभर शब्द गोळा केलेला माणूस पायरीवर रिकाम्या हातानं बसून राहिला.

“माझ्याकडे नाही त्याला शब्द.”

“गंगव्वा म्हनायची, जागलशीण.”

“जागलशीण...”

मास्तरांनी तो शब्द हळूच उच्चारला. पुन्हा उच्चारला. आपल्याला नेमकं काय झालंय ते एका अडाणी म्हातारीनं नाव देऊन सांगितल्यासारखं त्यांना वाटलं, आणि त्यांचे डोळे भरून आले. नकळत त्यांनी खिसा चाचपला. पूर्वी तिथं पेन असायचं. आता चष्म्याचं घर होतं.

“फार मोलाचा शब्द आहे, बाबा. घ्यायलाच हवा. हे एकदा ठरलं की पहिल्यांदा...”

बोलता बोलता त्यांचं त्यांनाच ऐकू आलं. ते थांबले.

बाबांनी चिमट्यानं चुलीच्या कडेचा विझलेला कोळसा ओढला. फुंकर मारून राख उडवली. मास्तरांचा हात धरून तो त्यांच्या तळव्यावर ठेवला. कोळसा अजून कोमट होता.

“लिवा.”

“कशावर?”

बाबांनी मठाच्या भिंतीकडं बोट दाखवलं. मातीची भिंत. नुकताच चुना दिलेला.

मास्तरांनी उठून भिंतीला हात लावून पाहिला. हातातला कोळसा घामानं ओला झाला.

“अहो, हिला तळापासून ओल आहे. पाऊस लागला की ही भिंत पडेल!”

बाबांनी चहा गाळला. एक कप मास्तरांच्या पुढ्यात सरकवला.

“पडायचीच हाय. तवा दुसरी बांधू. तुमी लिवा.”