आरशाची फरशी आणि टिकलीचं पिल्लू

एक होता राजा, आणि त्याला होता स्वतःचं तोंड बघायचा नाद. भिंतीवरचे आरसे पुरेनात, म्हणून त्यानं अख्ख्या महालाची फरशीच आरशासारखी घासून घेतली. माशी बसली तरी घसरायची, बरं का! मग दरबारी मंडळी काय करायची? तळपायांना गुपचूप चिकट राळ फासून यायची, आणि वर म्हणायची, "वा महाराज, काय फरशी!" राजा-राणीच्या मोजड्यांनाही नोकर राळ लावून ठेवायचे. पण त्यांना ते सांगतो कोण?

राजाचा मुलगा दीड वर्षांचा झाला, तरी उभा राहत नव्हता. उठायला गेला की पडायचा. सगळे राणीलाच बोल लावायचे. आणि ती बिचारी ऐकून घ्यायची.

नगराबाहेर झुंबराबाई नावाची म्हातारी राहायची. तिला ना मूल, ना बाळ. होती ती एक कोंबडी, टिकली. दोघींच्या रोज गप्पा चालायच्या. ही टिकली बारा वर्षांची झाली आणि तिनं एकच अंडं घातलं. त्यातून निघालं सोन्याच्या पिसांचं पिल्लू!

ही बातमी राजाच्या कानावर गेली. मग काय, आले शिपाई आणि घेऊन गेले पिल्लू. विचारलं नाही, सवरलं नाही. आईच्या पंखाखालून उचललं आणि ठेवलं त्या गुळगुळीत फरशीवर. पुढ्यात सोन्याची वाटी ठेवली. जसा काही फार मोठा मानच केला!

पहिल्या दिवशी पिल्लाचा एक पाय बाहेर घसरला. दुसऱ्या दिवशी दुसरा घसरला. तिसऱ्या दिवशी दोन्ही पाय दोन दिशांना फाकले आणि पिल्लू पोटावर पडलं.

मग आले तीन राजवैद्य. पहिला म्हणाला, पिल्लाचे ग्रह वाकडे. दुसरा म्हणाला, कोंबडीचं रक्तच खोटं. तिसरा म्हणाला, म्हातारीची दृष्ट लागली. तिघांनी पिल्लू उलटंपालटं करून पाहिलं. पण ते ठेवलंय कशावर, हे एकानंही पाहिलं नाही! स्वतःच्या तळव्यांना राळ फासून आले होते मेले, आणि तरी पाहिलं नाही. मला तर सांगतानाही संताप येतो.

राजा भडकला. "असली खोटी कोंबडी ठेवायची कशाला? आणा आणि घाला भांड्यात!"

शिपाई टिकलीला न्यायला आले. झुंबराबाईनं तिला पदराखाली घेतलं आणि स्वतःच महालाकडे निघाली. वाटेत टिकली म्हणाली, "झुंबरे, आधी माझ्या लेकराला बघ गं. माझं काय व्हायचं ते होऊ दे."

झुंबराबाई अनवाणी आत शिरली आणि धप्पकन पडली. दरबार खो खो हसला. म्हातारीचे पाय दोन दिशांना फाकले होते. समोर पिल्लू होतं, त्याचेही तसेच फाकलेले. तिनं हातानं फरशी चाचपली आणि तिच्या सगळं ध्यानात आलं. राग असा मस्तकात गेला म्हणता!

"म्हाराज, पिल्लात खोट न्हाई. खोट ह्या फरशीत हाय! मला तीन दिस द्या."

"दिले," राजा म्हणाला. "पिल्लू उभं राहिलं नाही, तर कोंबडी भांड्यात."

मग झुंबराबाईनं कोपऱ्यात गोणपाट अंथरलं. आपल्या घोंगडीची मऊ लोकर उसवली, तिचा धागा वळला. पिल्लाचे दोन्ही पाय नीट पोटाखाली घेतले आणि मध्ये करंगळीच्या पेराएवढी फट ठेवून बांधले. फार आवळले नाहीत, फार सैलही नाहीत. टिकली ऊब द्यायला शेजारी बसली. दाणा-पाणी म्हातारीनं पिल्लाच्या अगदी चोचीशी ठेवलं.

पहिल्या दिवशी पिल्लू उठलं की तोंडावर पडायचं. म्हातारी त्याला पुन्हा उभं करायची. दरबारी येता-जाता हसायचे, पण त्यांच्या तळव्यांची चिकट राळ म्हातारीच्या नजरेतून सुटली नाही. दुसऱ्या दिवशी ते टिकलीला टेकून उभं राहिलं. तिसऱ्या दिवशी झुंबराबाईनं धागा सोडला, आणि पिल्लू टुकटुक टुकटुक गोणपाटभर चाललं!

"चेटूक!" तिन्ही वैद्य ओरडले. "महाराज, हे चेटूक आहे!"

आता मात्र म्हातारीनं पदर खोचला. "चेटूक व्हय? एक बाळजीव तीन दिस पालथं पडलं हुतं, तवा तुमी त्याचे गिरह बघत बसला. त्याच्या आईला मारायला निघाला. आरं, तुमास्नी समदं ठावं हुतं! पाणी आणा. पाय धुवा आन् मंग चाला ह्या फरशीवरनं!"

राजानं खूण केली. वैद्यांनी राळ धुतली आणि एक पाऊल टाकलं. मग काय? एक धप्प, दोन धप्प, तीन धप्प! सहा पाय, सहा दिशांना.

यावर कुणी हसलं नाही, बरं का. कारण तेवढ्यात राजाचा मुलगा पिल्लामागं रांगत रांगत गोणपाटावर आला होता. त्याचे पाय खरबरीत तागावर टेकले. त्यानं झुंबराबाईचं लुगडं धरलं. आणि उभा राहिला! मग लुगडं सोडलं, तरी उभाच.

राणीला रडू आवरेना. "दीड वर्ष," ती म्हणाली, "दीड वर्ष मी माझ्या कुशीला दोष देत होते. आणि तुम्ही सगळे पायांना राळ लावून माझ्यासमोरून चालत होतात!"

राजानं मोजडी काढली, उलटी केली आणि तळ पाहिला. मग ती पुन्हा पायात चढवून तो खाली मान घालून बाहेर गेला आणि कोठारातून गोणपाटांचा भारा स्वतःच्या खांद्यावर घेऊन आला.

महालभर गोणपाट पसरलं. राजाला फरशीत तोंड दिसेनासं झालं, पण त्यावाचून त्याचं काही अडलं नाही. पिल्लू टिकलीच्या मागं झुंबराबाईच्या घरी गेलं. राजपुत्र रोज त्याच्याशी खेळायला स्वतःच्या पायांनी चालत जायचा. सगळे सुखात राहिले.

चला, आता तुम्हीही पाय पोटाशी घ्या बघू. आणि गोधडी टोचते म्हणून कुरकुर करायची नाही. झोपा.