शेंदराखालची अक्षरे

फार फार वर्षे झाली. त्या वेळच्या राजांची नावेही आता कुणाला आठवत नाहीत. एका मोठ्या तळ्याच्या बांधाखाली कुंभारांची वस्ती होती. बांधावर एक उभा दगड होता आणि त्यावर बांध घालणाऱ्या जुन्या लोकांनी अक्षरे कोरली होती. वस्तीला अक्षरे शिकायची मनाई. म्हणून वस्तीने त्या दगडाचाच देव केला आणि दर अमावास्येला त्याला शेंदूर फासला. पिढ्या सरल्या, शेंदराचे थर चढले, अक्षरे दिसेनाशी झाली. गावचे पुजारी सांगत, "त्यावर स्तोत्र आहे." पुजाऱ्यांच्या शब्दावर शंका घेणार कोण?

चिमाई कुंभारणीची लेक धुरपा मात्र पाठशाळेच्या भिंतीमागे बसून, ओल्या मातीवर काडीने गिरवत अक्षरे शिकली. एका पावसाळ्यात तिने दगडाचा शेंदूर खरवडला आणि धावत घरी आली.

"आई, तिथं स्तोत्र नाही. लिहिलंय की पाणी या दगडाला टेकलं तर बांध फुटेल, वस्ती हलवा."

चिमाई घाबरली. पण ती भीती पाण्याची नव्हती, पंचांची होती. "कुणाला बोलू नकोस बाई. वाळीत टाकतील आपल्याला."

धुरपा बोललीच. पंच बसले. पुजारी म्हणाले, "पोरीनं देव विटाळला." मग चिमाईने लेकीला सगळ्यांदेखत माफी मागायला लावली आणि स्वतःच्या हाताने ती अक्षरे पुन्हा शेंदराने बुजवली. लेकीवरचे संकट टळले असे बिचारीला वाटले.

आठ दिवस पाऊस थांबला नाही. पाणी दगडाला टेकले. देवाचा कोप शांत व्हावा म्हणून चिमाई भर दुपारी नारळ घेऊन बांधावर गेली. धुरपा खाली दारोदार फिरत होती, हाताला धरून माणसे ओढत होती. कुणी हसले, कुणी दार लावून घेतले. पलीकडच्या टोकाला बांध फुटला. चिमाईच्या डोळ्यांदेखत वस्ती वाहून गेली आणि वस्तीबरोबर धुरपाही गेली.

पाणी ओसरल्यावर चिमाई पुजाऱ्यांच्या दारात उभी राहिली.

"महाराज, खरं सांगा. तुम्ही स्वतः कधी वाचलं होतं ते?"

पुजारी म्हणाले, "नाही बाई. त्यावर स्तोत्र आहे असं आजोबा सांगायचे, म्हणून मीही सांगत आलो."

लहानथोरहो, ध्यानात ठेवा: जे ज्ञान थोड्यांच्या कुलपात आणि बाकीच्यांच्या देव्हाऱ्यात राहते, ते कुणालाच तारत नाही.