समुद्राचं बूच

घाटावरच्या एका गावात केरबा नावाचा एक भोळा गडी राहायचा. अंगानं धडधाकट, मनानं साफ. कुणी सांगेल ते ऐकायचा. आता तुम्ही म्हणाल, ऐकणारा माणूस चांगलाच की. थांबा जरा.

त्याची बायको हौसा. तिनं जन्मात समुद्र बघितला नव्हता. पण लेक बाळंतपणात अडली, तेव्हा तिच्या तोंडून निघून गेलं, "पोर सुखरूप सुटू दे, समुद्राची ओटी भरीन." गावच्या नदीची ओटी ती दरवर्षी भरायचीच. पण मागणं मोठं होतं, त्याला नदी पुरेल असं तिला वाटलं नसावं. लेक सुटली. नातू रांगायला लागला. बोललेलं मात्र तसंच राहिलं, आणि ते हौसाच्या मनाला खात होतं.

मग जावयानं मोबाईलवर कोकणातलं एक रिसॉर्ट बघितलं. फोटोत दारातच लाटा. त्यानं सासूसासऱ्यांची सोय करून टाकली आणि केरबाला बजावलं, "मामा, राहणं, खाणं, पिणं, समुद्र, सगळं त्यात आलं. लाजायचं नाही. कशाला नाही म्हणायचं नाही."

"न्हाई म्हणत न्हाई," केरबा म्हणाला.

हौसानं खण, नारळ, तांदूळ, हळदकुंकू पिशवीत बांधलं आणि वाटभर पिशवी मांडीवर घेऊन बसली.

रिसॉर्टच्या दारात म्यानेजर उभा. गळ्यात टाय, पायात स्लिपर.

"काका, समुद्राकडच्या खोल्या भरल्यात. मागची चालेल?"

"चालंल."

"पंखा जरा आवाज करतो. चालेल?"

"चालंल."

"समुद्राकडचं फाटक बंद असतं. किल्ली मालकांकडे, मालक मुंबईला. चालेल?"

"चालंल."

एवढं गुणी गिऱ्हाईक म्यानेजरला कधी भेटलं नव्हतं. त्यानं आणखी विचारून बघितलं, "स्वागताचं सरबत संपलंय. साधं पाणी चालेल?"

"पळंल," केरबा म्हणाला.

खोलीच्या खिडकीतून एक जनरेटर दिसत होता आणि एक भिंत. भिंतीपलीकडं कुठंतरी समुद्र घों घों करत होता. हौसा खिडकीशी उभी राहिली आणि केरबाकडून तिला सगळी हकीकत कळली.

"अवं, समुद्राचीच वाट बंद, आणि तुम्ही चालंल म्हणून आलात?"

"जावयानं सांगितलंय, नाही म्हणायचं न्हाई."

"जावई ऱ्हाऊ द्या घरी. हितं कुणी काय बी म्हणलं, तर आधी नको म्हणायचं. मग बघायचं."

"बरं."

हौसा न्हायला गेली. केरबा दोघांचं जेवण सांगायला गेला.

"काका, थाळी आणू?" वाढपी म्हणाला.

"नको."

"मावशींना?"

"तिलाबी नको."

वाढपी निघून गेला. केरबा हात धुऊन पानाची वाट बघत बसला. त्याचंही चुकलं नाही. गावाकडं पंगतीत पहिलं नको कुणी धरतच नाही. वाढपी हसतो, पाहुण्याचा हात बाजूला सारतो आणि पानात वाढतो. इथं कुणी हसलं नाही, कुणी हात सारला नाही. हौसा आली तोवर भांडी घासायला गेली होती.

"जेवलात?"

"आग्रहाची वाट बघतोय."

हौसानं कपाळाला हात लावला. दोघं गावाकडचा चिवडा खाऊन झोपली. झोपताना तिनं समजावलं, "हितं कुणी आग्रह करत न्हाई. आपल्याला पायजे ते आपल्या हातानं उचलायचं. समजलं?"

"समजलं."

सकाळी केरबा हिंडायला निघाला. रिसॉर्टच्या मधोमध पोहायची टाकी होती. मूळची ती नारळाच्या बागेला पाणी द्यायची टाकी. तिला आतून निळा रंग दिला होता, कडेला खुर्च्या टाकल्या होत्या, बस. तळाला गोणपाट गुंडाळलेलं लाकडी बूच होतं. केरबाच्या शेतातल्या टाकीला होतं, अगदी तसंच. काठावर पुण्याचे एक ढेरपोटे साहेब उताणे पहुडले होते. डोळ्यांवर काळा चष्मा. शेजारी ताटलीत तळलेली सुरमई. जादा पैसे देऊन मागवलेली, कारण सुरमई त्यात आलेली नव्हती.

केरबानं बघितलं. हवी वाटली. आपल्या हातानं उचलली.

"अरे, ए! माझा मासा!" साहेब ओरडले.

म्यानेजर धावत आला. "काका, शोभतं का हे? दुसऱ्याचं उचलता? वस्तू जिथली असेल तिथं पोचवायची. हा इथला नियम आहे."

"चुकलं साहेब," केरबा म्हणाला. त्यानं हातातल्या माशाकडं बघितलं. मासा कुठला असतो? पाण्यातला. त्यानं सुरमई टाकीत सोडून दिली.

तुकडा तळाशी गेला. तेल मात्र वर आलं आणि निवांत पसरलं.

साहेब काय काय बोलले ते इथं लिहिण्यासारखं नाही. त्यांची समजूत काढून म्यानेजर वळतो, तर समोर हौसा उभी.

"बाबा, आमाला समुद्र कधी दावणार? आज सांजच्या गाडीनं जायचं हाय. लांबनं ओटी भरायला आले मी."

म्यानेजर आधीच वैतागलेला. "मावशी, ही टाकीच समुद्र समजा. निळं पाणी आहे, आम्ही मीठसुद्धा टाकतो. लोक इथंच फोटो काढतात आणि समुद्र बघितला म्हणून सांगतात. घरी कुणाला कळतं?"

हौसा केरबाच्या हातात पिशवी देऊन म्हणाली, "ही धरा. मी कुंपणाला कुठं फट हाय का बघून येते."

गेली ती. केरबा टाकीच्या काठावर बसला. विचार करायला लागला. म्यानेजर शिकलेला माणूस. तो म्हणतोय, टाकी समुद्र समजा. आपण समजलो. मग हौसा उन्हात का फिरतीय? तिचे गुडघे दुखतात. तेवढंच काम आपण उरकून ठेवलं तर बिचारी सुखानं गाडीत बसेल.

त्यानं पिशवी सोडली. टाकीला नमस्कार केला. हळद वाहिली, कुंकू वाहिलं, पुडीतलं शेवटचंसुद्धा झटकून वाहिलं. तांदूळ सोडले. खण सोडला. नारळ सोडला. तोवर पुण्याचे साहेब पाण्यात उतरले होते. ते वर आले तेव्हा निम्मे पिवळे आणि निम्मे लाल झाले होते, आणि पोटावर अक्षता चिकटल्या होत्या. बघणाऱ्याला वाटावं, साहेबांचं लग्न लागलं.

आरडाओरड ऐकून हौसा आली. तिनं पाणी बघितलं. तरंगणारा खण बघितला. ती मटकन खाली बसली.

"अवं, पोरीच्या जिवासाठी बोलले होते मी. समुद्राची ओटी, आणि तुम्ही या डबक्यात घातली?"

तिच्या डोळ्यांतून पाणी आलं. केरबाला पाणी बघवेना. तो चाचरत म्हणाला, "रडू नगंस. वस्तू जिथली तिथं पोचवायची असती. म्यानेजरनंच सांगितलंय."

"कशी पोचवणार आता?"

केरबानं धोतर खोचलं आणि टाकीत उडी मारली. बूच ओळखीचंच होतं. दोन्ही हातांनी धरून त्यानं ते उपसून काढलं.

टाकीनं मोठा आवाज केला. पाणी खालच्या पाटातून निघालं, लाल, पिवळं, तेलकट. पुढं नारळ, मागं खण. पाट थेट समुद्राकडं जात होता. एरवी रिसॉर्टचं सगळं सांडपाणी त्याच वाटेनं जायचं, फोटोत तेवढं दिसत नव्हतं. पण फाटकाशी नारळ अडकला. पाणी तुंबलं, वळलं आणि म्यानेजरच्या हापिसात शिरलं.

"अरे, फाटक! फाटक उघडा!" म्यानेजर बोंबलला. आणि काय सांगू, त्यानं स्वतःच्याच खिशातून किल्ली काढली आणि फाटक उघडलं.

हौसानं ते बघितलं. "मालक मुंबईचे लई लवकर आले," एवढंच म्हणाली. आणि पाण्याच्या मागं ती चालायला लागली. केरबा बूच काखेत धरून तिच्या मागं.

दोघं बाहेर आली. आणि केरबा जागीच थांबला.

समोर समुद्र नव्हता. ओहोटीची वेळ होती. पाणी पार लांब गेलं होतं. इथून तिथवर नुसती ओली वाळू. होड्या कलंडून पडलेल्या. खेकडे मोकळ्यावर पळत होते.

केरबानं काखेतल्या बुचाकडं बघितलं. समोर बघितलं. पुन्हा बुचाकडं बघितलं.

"हौसा," तो म्हणाला. "अगं, ह्योबी त्याच बुचावर हुता. म्यानेजर खरं बोलला हुता. मी समुद्र सांडला!"

हौसा काही सांगायच्या आत तो उलटा पळाला. टाकीत उतरला. बूच भोकात ठोकलं आणि वर बसला मांडी घालून. म्यानेजर ओरडला, साहेब ओरडले. केरबा हलला नाही.

इकडं हौसानं वाळूतनं नारळ उचलला, खण पिळून घेतला आणि बसून राहिली. दुपार कलली. हळूहळू पाणी परतायला लागलं. आलं, अजून पुढं आलं, तिच्या पायांवरून गेलं. हौसानं ओटी भरली. लेकीचं नाव घेतलं. एवढं मोठं पाणी कुठं संपतं ते डोळ्यांवर हात धरून बघितलं. मग फाटकाकडं तोंड करून तिनं हाक मारली, "अवं, या की बघायला! समुद्र आला!"

आतून आवाज आला, "मी उठलो तर परत जाईल गं! तू बघ! बघून घे नीट!"

गाडीची वेळ झाली. केरबा उठेना. सकाळी नवी पाहुणेमंडळी यायची होती, टाकी भरायची होती. म्यानेजरनं हात जोडले. "काका, उठा हो."

"उठतो. पण माझ्या जागी तुमी बसा. टाकी तुमची हाय."

करतो काय बिचारा. म्यानेजर टायसकट टाकीत उतरला आणि बुचावर बसला. गाडी वळेपर्यंत बसायचं, असं त्यानं मनाशी ठरवलं होतं म्हणे.

केरबानं गाडीच्या खिडकीतून डोकं बाहेर काढलं आणि घसा फाटेस्तोवर ओरडला, "साहेब, उठू नका हां! मासे मरतील!"

गाडी वळली. केरबानं समुद्र तेवढा सोडून बाकी सगळं बघितलं. आता गावात कुणी कोकणात जाऊन आलं, की तो आधी विचारतो, "समुद्र हाय का जाग्यावर?"

आहे म्हटलं, की समाधानानं मान हलवतो.

"म्हंजे बसलाय अजून म्यानेजर. चांगला माणूस."