मोराचा नंबर

फार पूर्वी एका जंगलात माकडं आणि रानडुकरं सात वर्षं लढली आणि दमली. मग शेजारच्या जंगलातले हत्ती आले, मोराला मुकुट घालून राजा केलं आणि निघून गेले. मोर रोज हुकूम सोडायचा. कुणी ढुंकूनही बघत नसे.

पाणवठा मात्र एकच उरला होता. तिथे म्हातारी कासवीण रांग लावायची, एक माकड, मग एक डुक्कर.

एकदा मोर थेट पुढे घुसला. "सरका! मी राजा आहे."

"असाल महाराज," कासवीण म्हणाली, "पण रांग मागून सुरू होते."

"मागे जा!" माकडं आणि डुकरं एकदमच ओरडली. सात वर्षांतलं त्यांचं हे पहिलं एकमत!

मोर पिसारा आवरून मुकाट शेवटी उभा राहिला. तेव्हा पुढचं डुक्कर वळून म्हणालं, "बोला राजेसाहेब, काय हुकूम होता तुमचा?"