धाकूनं तिसऱ्या आणल्या

एका गावात एक भोळा गडी राहायचा. नाव धाकू. अंगानं दांडगा, मनानं लाखमोलाचा, आणि सांगितलेलं काम शब्दन्‌शब्द करणारा. आता याला गुण म्हणायचं की आणखी काही, ते तुम्हीच ठरवा.

धाकूच्या बायकोला, शेवंतीला, सातवा महिना लागला होता. तिला डोहाळे लागले तिसऱ्यांचे, म्हणजे वाळूतल्या त्या खायच्या शिंपल्यांचे. बाजारातल्या चालेनात. काळखडीच्या पुळणीवरच्याच हव्यात, वाळूतून नुकत्या उकरलेल्या. डोहाळे पुरवले नाहीत तर बाळाचे कान फुटतात, असं सगळा गाव म्हणायचा. धाकूनं त्या कानांचा असा काही धसका घेतला की त्याला रात्री झोप येईना.

काळखडीची पुळण गावापासून लांब. आधी रेल्वेचे रूळ, रुळांपलीकडे लगेच वाळू आणि समुद्र. तिथे ना फाटक, ना दुकान, ना वस्ती. शेळ्या चारणारं एखादं माणूस आणि रूळ तपासत फिरणारे नाना गँगमन सोडले, तर हाकेला ओ द्यायला कुणी नाही.

शेवंतीनं बजावलं, "रुळाकडे थांबा. गाडी गेली की मगे वलांडा."

"बरा," धाकू म्हणाला.

सकाळी तो रुळाशी जाऊन थांबला. सकाळची गाडी तो यायच्या आधीच गेली होती. डावीकडे काही नाही, उजवीकडे काही नाही. पण गाडी गेल्याशिवाय ओलांडायचं कसं? दुपार झाली. धाकू उभा. शेवटी संध्याकाळची गाडी आली, गेली, आणि धाकूनं आनंदानं रूळ ओलांडले. तोवर भरती आली होती. तिसऱ्यांची जागा पाण्याखाली.

शेवंतीनं कपाळावर हात मारला. "अवो, गाडी नाय तर थांबाचा कित्याक? दोनय बाजूक बघा, कान देवन आयका, आणि सरळ पलीकडे. मागे वळान बघू नकात!"

"बरा."

दुसऱ्या दिवशी धाकूनं दोन्हीकडे बघितलं, कान दिला, रूळ ओलांडले. पाटीभर तिसऱ्या उकरल्या. येतानाही तसाच आला. पण मागे वळून न बघणं कुठे थांबवायचं, हे कुणी सांगितलं नव्हतं. पाटीच्या बुडाला होतं भोक. शेळ्या चारणारी एक म्हातारी मागून ओरडली, "मेल्या, तिसऱ्यो सांडतत!" धाकूनं मान वळवली नाही. घरी पाटीत निघाल्या तीन तिसऱ्या. त्यातला एक खडा होता.

शेवंतीच्या डोळ्यांत पाणी आलं. "मागे लक्ष नको? आणि समुद्राक तर कधीच पाठ दाखवची नाय. लाट कधी येयत, काय नेम?" तिनं पाटीचं भोक बुजवून दिलं.

"बरा."

तिसऱ्या दिवशी धाकूनं पाटी भरली आणि समुद्राला पाठ दाखवायची नाही म्हणून उलटा चालत निघाला. वाळू उलटी तुडवली. रुळांचा बांध उलटा चढला. रुळावर पाय टाकणार, एवढ्यात नाना गँगमननं त्याची मानगूट धरून त्याला खाली ओढलं. धडधड करत गाडी गेली. पाटी चाकांखाली, तिसऱ्यांचा भुगा.

नाना ओरडले, "मरतलंस मेल्या! घरात बाईल गरवार आसा ना?" त्यांनी आपल्या दोन झेंड्या त्याच्या नाकासमोर धरल्या. "ह्या बघ. लाल दिसला की जागचो हलू नको. हिरवा दिसला की थांबू नको, चलाक लाग. जीव वाचात तुझो."

"खंय दिसला तर?"

"खंयय दिसला तरी! घरात, दारात, खंयय!"

"बरा."

चौथ्या दिवशी शेवंतीचं डोहाळजेवण. धाकूनं सगळं नीट केलं. पाटी भरली, रूळ सांभाळून ओलांडले, घरी पोचला. दारात शेवंती बसली होती. हिरवी साडी, हिरवा चुडा, तोंडाला सुटलेलं पाणी.

हिरवं दिसलं. धाकू पुढच्या दारानं आत शिरला, स्वयंपाकघरातून गेला आणि मागच्या दारानं बाहेर पडला. पाटी डोक्यावरच.

"अवो, थांबा!" शेवंती पोट सावरत मागून निघाली. धाकूनं वळून बघितलं. मागेही हिरवं! त्यानं चाल वाढवली ती थेट रुळांपर्यंत.

नानांनी बांधावर चढणारा धाकू पाहिला, लांबून येणारी संध्याकाळची गाडी पाहिली, आणि लाल झेंडी वर केली. गाडी करकरत थांबली. धाकूही थांबला. रुळांच्या बरोबर मधोमध.

"हल थंयसून!" नाना ओरडले.

"लाल आसा."

"तू हललंस की लाल खाली करतंय!"

"लाल खाली झाला की हलतंय!"

इंजिन शिट्ट्या मारू लागलं. खिडक्यांतून डोकी बाहेर आली. नाना झेंडी खाली करीनात, धाकू हलेना.

एवढ्यात शेवंती धापा टाकत आली. तीन वर्षांच्या संसारात नवरा तिला पाठ झाला होता. तिनं आधी त्याच्या डोक्यावरची पाटी काढून घेतली, आणि मग हिरवा पदर हलवला. धाकू निघाला, पलीकडे, पुळणीच्या वाटेनं. गाडी गेली. शेवंती घरी आली, तिसऱ्या शिजल्या, तिनं दोन ताटल्या रिचवल्या. बाळाचे कान वाचले.

मग तिला नवऱ्याची आठवण झाली.

तिचा निरोप मिळताच नाना शोधायला धावले. पुळणीच्या पार दुसऱ्या टोकाला, गुडघाभर पाण्यात, धाकू खांबासारखा उभा.

"चल मेल्या, भरती येता!"

धाकूनं समोर बोट दाखवलं. समुद्रावर सूर्य टेकला होता, लालबुंद.

"ता बुडू दे, नाना. मगे येतंय."