बोयापाशी आलेलं हसू

“माई, तुम्ही पाहिलंत की नाही? एवढंच सांगा!”

हेरंब शिरधनकर तळ्याकाठच्या मठाच्या ओट्यापुढे उभा होता. उभा कसला, तापल्या कढईतल्या फुटाण्यासारखा उडत होता. एका हातात रिमोट, काखेत शिडाची होडी. खेळण्यातलीच, पण तिचा मालक तिला खेळणं म्हणू देत नसे.

ओट्यावर गोदूमाई मिश्री लावत बसली होती. बोट दातांवर फिरतंय तोवर ती कुणाला उत्तर देत नसे. यम आला असता तरी त्याला ती थुंकेपर्यंत थांबावं लागलं असतं.

थुंकली.

“पाहिलं.”

“नामूची होडी बोयाला लागली!”

“लागली.”

“आणि त्यानं गिरकी घेतली नाही!”

“नाही घेतली.”

“मग?”

“मग काय?”

केळवलीच्या तळ्यावरचं हे शीडनौका मंडळ माईनंच काढलेलं. भगवं लुगडं पाहून लोक मंत्र मागायला येत. माई त्यांच्या हातात होडी देई. पंच नाही, शिट्टी नाही. रीत एकच. वळणाची खूण म्हणून पाण्यात तरंगत ठेवलेल्या बोयाला ज्याची होडी लागेल, त्यानं आपण होऊन तिला तिथेच एक पुरी गिरकी घालायला लावायची, मग पुढे जायचं. कुणी लबाडी केलीच, तर पाहणाऱ्यानं तिथल्या तिथे ‘गिरकी!’ म्हणून बोंब ठोकायची. बोया मागे पडला की बोंब मेली.

आज वर्षातली शेवटची शर्यत. जिंकेल त्याला मंडळाची पताका वर्षभर घरी लावायला मिळते. हेरंब म्हणजे बँकेचा मॅनेजर, कामाला चोख. दिवाणखान्यात खिळा आधीच ठोकून ठेवलेला, आणि त्यापायी सासऱ्यांचा फोटो स्वयंपाकघरात गेलेला.

आणि जिंकला कोण, तर नामू आरेकर, सोडावाला! तोही वीतभर अंतरानं.

“मग पताका माझी!” हेरंब ओरडला.

“बोयापाशी का नाही ओरडलास? आता काय गळा चांगला तापलाय.”

हेरंबनं काखेतली होडी सावरली.

“तेव्हा मी पुढे होतो, माई.”

“बरं.”

“म्हटलं, जाऊ दे. गरीब आहे. मोठ्या मनानं माफ केलं मी त्याला.”

“छान केलंस.”

“पण नंतर माझ्या बाजूचा वारा पडला ना! आणि हा चोर गेला सटकन पुढे!”

“मग माफी कुणी परत घेतली? तू, का वाऱ्यानं?”

हेरंबनं रिमोट पायरीवर आपटला. झाकण उडालं, सेल गडगडत तळ्यात गेले.

“ढोंग आहे हे सगळं! तुम्ही त्याच्याच बाजूच्या. फुकटचा सोडा पाजतो ना तुम्हाला!”

काठावरची माणसं, जी घरी निघाली होती, ती परत बसली. सोडा फुकटचा असे, हे खरंच होतं. पण खरं बोलायलाही जागा बघावी लागते.

माईचे डोळे लाल झाले.

“नाम्या! इकडे मर.”

नामू पताकेची काठी खांद्यावर टाकून नवरदेवासारखा आला.

“लागली होती बोयाला?”

नवरदेवाचं तोंड उतरलं. “लागली होती, माई.”

“मग गिरकी, मेल्या?”

“घालणारच होतो. साहेबांकडे बघितलं, तर साहेब माझ्याकडे बघून हसले. म्हटलं, सोडलं त्यांनी.”

“त्यानं सोडलं म्हणून तू लाटलंस? फीर!”

“आता? होडी तर पुसून ठेवली...”

“होडी नव्हे. तू फीर!”

नामू फिरला. पोट आधी, मग नामू, मग पताका. काठी मागच्या पेन्शनर मंडळींच्या टोप्या उडवत गेली. सगळा काठ हसला, हेरंब सोडून.

माईनं पताका हिसकावली. “जा. हरलास.”

नामू मान खाली घालून गेला.

हेरंबनं दोन्ही हात पुढे केले. माईनं काठी पुढे धरली. त्यानं पकडली... पण माईची मूठ सुटेना.

“तेव्हा हसलास कसा रे?”

“काय?”

“बोयापाशी. त्याला माफ करताना. तसाच हस आत्ता, आणि घेऊन जा.”

“हे काय नवीन? नियमात कुठे आहे?”

“माझ्या मुठीत आहे. हस.”

हेरंब हसला. ओठ ताणले, दात दिसले, कपाळावरची शीर तट्ट फुगली. डोळ्यांत शिकेकाई गेलेला माणूस दिसतो तसा दिसू लागला. मागून कुणीतरी फिसकलं. तो गर्रकन वळला, “कोण रे तो?” म्हणून खेकसला, आणि पुन्हा माईकडे तोंड करून हसू लागला.

पहिलं बरं होतं म्हणायची पाळी आली.

त्यानं काठीला हिसडा दिला. म्हातारी हलली नाही.

“माई... द्या ना.” आवाज चिरकला. डोळ्यांत रागानं पाणी आलं होतं. तरी ओठ ताणलेलेच.

माईनं त्याच्या तोंडाकडे पाहिलं.

मग तिनं काठी त्याच्या हातातून अलगद सोडवून आपल्या मांडीवर आडवी ठेवली. तळ्याच्या मधोमध तो लाल बोया डुलत होता. तिकडे बोट केलं.

“हे नव्हे. तिथलं आण.”